सामानाची गाडी वाटेत बंद पडली: मिस्त्री बोलवायचा की दुसरी गाडी?

सांगलीहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना भाड्याचा पिकअप बंद पडला, की ड्रायव्हर ठरलेलं वाक्य टाकतो, "मिस्त्री बोलावलाय साहेब, अर्ध्या तासात काम होतंय." त्यावर थांबायचं की दुसरी गाडी मागवायची?

पंक्चर, फॅन बेल्ट, क्लचची वायर, डिझेल संपून पाइपात धरलेली हवा, एवढ्यासाठी सामानाला हात लावू नका. पेठ नाका, कराड, सातारा, शिरवळ, कुठूनही मिस्त्री येतो. फक्त भरल्या गाडीचा जॅक साइडपट्टीच्या मातीत रुततो, खाली जाड फळी लागते. (ड्रायव्हरची नजर तुमच्या पलंगाकडे जाईल, लक्ष ठेवा.) गाडी तापली असेल तर निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू देऊ नका. पाणी घालूनही थोड्याच अंतरात तापमानाचा काटा पुन्हा चढला, तर मिस्त्रीचा नाद सोडा.

क्लच प्लेट गेली किंवा पाटा (चाकाजवळची स्प्रिंगची पट्टी) तुटला, तर मी सरळ दुसरी गाडी म्हणेन. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पाट्याच्या कामाला गाडी बहुतेक रिकामी करावीच लागते. मग उतरवलेलं सामान पुन्हा त्याच गाडीत कशाला भरायचं? नवं भाडं आणि हमाली अंगावर येते, हे खरं. पण गॅरेजच्या दारात रात्रभर ताडपत्रीखाली संसार ठेवणं, तेही पावसाळ्यात, त्याहून महाग पडतं. पुण्याकडे रिकामी परतणारी गाडी मिळाली, तर भाडं बरंच उतरतं.

जागा वाईट असेल तर मात्र दोन्ही पर्याय बाद. खंबाटकीच्या बोगद्यात किंवा पुढच्या वळणांत ना पाना फिरवायचा, ना कपाट उतरवायचं. इंडिकेटर चालू, मागे लांबवर त्रिकोण, घरची माणसं केबिनमधून उतरवून कठड्यापलीकडे, आणि 1033 ला फोन. ही राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन आहे, क्रेनसाठी तिथेच सांगायचं. गाडी टोलनाक्याजवळ, ढाब्याच्या किंवा पंपाच्या आवारात आली की मग बाकीचं ठरवा.

गाडी बदलताना फाळक्याला (मागच्या उघडत्या फळीला) फाळका लावून घ्या, म्हणजे जड वस्तू जमिनीवर उतरवाव्या लागत नाहीत. फ्रीज उभाच सरकवा, कपाटाची दारं दोरीने बांधा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे गाडी बदलली म्हणून कागदांचा घोळ होत नाही. नव्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो तेवढा घरी पाठवा.

पैशाचं निघण्याआधीच बोला, नंतर वाद ठरलेला. बंद पडली तर पुढची गाडी कोणाच्या खर्चाने, की झालेल्या अंतराचेच पैसे द्यायचे, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. लिहून द्यायला काचकूच करणाऱ्याला आगाऊ डिझेलपुरतेच द्या, बाकी सामान उतरल्यावर.