भावना सांगणारं बटण की भावना ओळखणारा पट्टा?

स्वमग्न मुलाला मनातलं सांगता यावं म्हणून काही घडवायचं असेल, तर सुरुवातीलाच एक निवड करावी लागते. मुलाच्या हातात सांगायचं साधन द्यायचं, की त्याच्या अंगावरून, चेहऱ्यावरून यंत्राने ते ओळखायचं? माझं झुकतं माप पहिल्या वाटेला आहे, पण दुसरीत काहीच नाही असं नाही.

मनगटावरचा सेन्सर घ्या. घामामुळे त्वचेची विद्युतवाहकता बदलते, ती तो टिपतो. न बोलणारं मूल वरवर शांत दिसत असताना आत ताण साचतोय हे त्यातून कळू शकतं, आणि मेल्टडाऊनआधीची (ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटण्याआधीची) चार-दोन मिनिटं जरी हाती लागली तरी आईवडिलांना ती लाखमोलाची. पण हा आकडा खळबळ किती ते सांगतो, कसली ते सांगत नाही. झोक्यावरच्या आनंदात तो चढतो, ड्रिल मशीनच्या भीतीतही चढतो आणि नुसतं धावलं तरी चढतो. शिवाय काही मुलांना पट्ट्याचा स्पर्शच सहन होत नाही.

कॅमेऱ्याने चेहरा वाचणं मला याहून कच्चं वाटतं. राग आला की कपाळाला आठ्या पडतातच असं नाही, आणि आठ्या पडल्या म्हणजे राग असतोच असंही नाही. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून हेच मांडलं. स्वमग्न मुलांचे हावभाव तर अनेकदा आणखी वेगळे असतात. युरोपियन युनियनमध्ये फेब्रुवारी २०२५ पासून शाळांत भावना ताडणाऱ्या एआयवर बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळून.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, गूगल ग्लास या स्मार्ट चष्म्यावरच्या प्रयोगाचं नावही इथे निघतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ६ ते १२ वयाची ७१ मुलं होती, आणि चष्मा वापरणाऱ्यांच्या सामाजिक वागण्यात सुधारणा नोंदली गेली. मात्र तो चष्मा समोरच्याचा चेहरा वाचायला शिकवतो. स्वतःचं सांगता येणं हा निराळा प्रश्न.

आता पहिल्या वाटेकडे, म्हणजे मुलाच्या हातातल्या चित्रांकडे. १९८५ साली अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी आणलेल्या पेक्स पद्धतीत मूल चित्रकार्ड दुसऱ्याच्या हातात देतं, त्यामुळे समोरच्याला लक्ष द्यावंच लागतं. टॅबलेटवरच्या ॲपला आवाज असतो, चित्राचं बटण दाबलं की शब्द ऐकू येतो, शब्द हवे तितके वाढवता येतात. पण मुलाने कोपऱ्यात बसून बटण दाबलं आणि कुणी वळूनच पाहिलं नाही, असंही होतं. चार्जिंगही नेमकं नको तेव्हा संपतं, म्हणून महत्त्वाच्या शब्दांचा छापील तक्ता जवळ असू द्यावा. ‘याने मूल बोलणारच नाही’ ही धास्ती मात्र सोडावी. अशा साधनांनी बोलणं खुंटत नाही, हे अभ्यासांत दिसलं आहे.

ॲप घडवताना सगळ्यात जास्त वेळ शब्दांना द्यावा. सहा गोल पिवळे चेहरे मांडले की काम झालं असं वाटतं. पण स्वतःच्या भावनेला नाव देणंच अवघड जाणं, म्हणजे ॲलेक्सिथायमिया, स्वमग्न व्यक्तींपैकी जवळपास निम्म्यांमध्ये आढळतो. अशा मुलाला ‘दुःखी’ की ‘चिंतेत’ हे विचारून काय हाती लागणार? आपण मोठी माणसंसुद्धा ‘कसंतरी होतंय’ म्हणतोच की! ते बटण आधी हवं. मग ‘पोटात गोळा आला’, ‘छाती धडधडतेय’, ‘आवाज नको’, ‘मला एकटं राहू दे’. भावनेशेजारी मागणी असली की सांगितल्याचा उपयोग मुलाला लगेच कळतो. बटणांच्या जागा बदलत राहू नयेत, बोटांना त्या पाठ होतात. आणि ‘नाही सांगायचं’ हेही बटण ठळक दिसावं.

हर्टफर्डशर विद्यापीठाच्या कास्परसारखे रोबो साध्या चेहऱ्याने, न कंटाळता तेच ते करून दाखवतात, सरावाला ते चांगले. रोज घरीदारी सोबत राहणारं साधन मात्र ते नव्हेत.

सेन्सर हवाच असेल तर तो ॲपला जोडा. आकडा चढला की निदान ठोकण्याऐवजी पडद्यावर मुलालाच विचारू द्या, ‘अंगात काही वेगळं वाटतंय का?’ आणि त्याने ‘नाही सांगायचं’ दाबलं, तर त्या क्षणी तेच त्याचं उत्तर धरा.