खर्र्याचा कॅन्सर परतला: किमो, इम्युनोथेरपी की कमी डोस?

पानठेल्यावर पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा विदर्भात इतका अंगवळणी पडलाय की गालाचा, जबड्याचा कॅन्सर नागपूरच्या कुठल्याही कॅन्सर ओपीडीत रोजचाच. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाला, तरी गाठ परतली आणि आता कापण्यासारखी नाही. अशी फाईल घेऊन रामदासपेठ ते जामठा फिरणाऱ्या घरच्यांपुढे साधारण तीन वाटा असतात.

निवड करण्याआधी गाठ शरीराच्या प्रतिकारशक्तीपासून वाचते कशी ते पाहू. जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूंवर बाहेर मांडते आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी ते तपासत फिरतात. काही कॅन्सर पेशी एचएलएच गाळून टाकतात, म्हणजे पुरावाच नाहीसा. काही पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन अंगावर मिरवतात. ते टी-पेशीवरच्या पीडी-१ ला चिकटलं की टी-पेशी समोर येऊनही थंडावते. पीडी-१ हा मुळात शरीराचा स्वतःचा ब्रेक. १९९२ मध्ये तो तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं हा ब्रेक सोडवतात, बाकी काही नाही. गाडीत ड्रायव्हरच नसेल, म्हणजे गाठीत टी-पेशी शिरल्याच नसतील, तर ब्रेक सोडून गाडी हलत नाही.

म्हणून पहिला प्रश्न पैशाचा नाही, सीपीएसचा. बायोप्सीच्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावर, पीडी-एल१ ची तपासणी होते, तिचा हा आकडा. तो १ च्या खाली असेल तर एकट्या इम्युनोथेरपीवर भिस्त ठेवू नये. जुना ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, बरेचदा नवी सुई टोचावी लागत नाही.

आता किमो विरुद्ध पूर्ण डोसची इम्युनोथेरपी. २०१९ च्या कीनोट-०४८ चाचणीत सीपीएस १ किंवा जास्त असलेल्यांपैकी सेटुक्सिमॅब या औषधासह किमो घेणाऱ्या ३५ टक्क्यांची गाठ लक्षणीय आटली, एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबवर फक्त १९ टक्क्यांची. इथेच घरचे किमोकडे झुकतात. पण आटलेली गाठ आटोक्यात राहिली किती? किमोत मध्यक काळ (निम्म्यांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) ४.५ महिने, पेम्ब्रोलिझुमॅबमध्ये २०.९. थोड्यांना लागू पडतं, पण ज्यांना पडतं त्यांना टिकतं. माझं मत असं: गाठ श्वासनलिकेवर दाबतेय, तोंड उघडत नाही, दिवसागणिक वाढतेय, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. किमो हवी, परवडलं तर दोन्ही एकत्र. गाठ संथ असेल आणि सीपीएस २० च्या वर असेल, तर एकटी इम्युनोथेरपी सरस. अडचण एकच, दर तीन आठवड्यांची ती सलाईन लाखांच्या हिशोबात जाते.

तिसरी वाट मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या चाचणीतून आली. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमच्या घरात असताना तिथे दर तीन आठवड्यांनी अवघं २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिलं. सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिबच्या गोळ्या. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निवोलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के. ४० मिलिग्रॅमची कुपी एकाच दिवशी बोलावलेल्या दोघांत वाटता येते, तेव्हा आपल्या दवाखान्यात तशी सोय आहे का ते विचारा. मात्र ही तुलना नुसत्या गोळ्यांशी होती, पूर्ण डोसशी नव्हे. ज्यांच्या खिशाला पूर्ण डोस झेपत नाही त्यांनी ही वाट कमीपणाची मानू नये, एवढं मी ठामपणे म्हणेन.

त्रासही वेगवेगळा. किमोत उलट्या, तोंडाला फोड, पांढऱ्या पेशी घसरणं. इम्युनोथेरपीत सुटलेला ब्रेक कधी थायरॉइडवर, कधी आतड्यावर, कधी फुफ्फुसावर उलटतो, तोही कधीकधी महिन्यांनी. ल्युपससारखा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार किंवा किडनी बदललेली असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. आणि गोंदिया-गडचिरोलीला घरी परतल्यावर जुलाब किंवा कोरडा खोकला सुरू झाला, तर गावच्या मेडिकलमधून गोळी आणून भागवू नका. कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा, कारण तिथे बहुधा स्टेरॉइड लागतं.