नाईल रेड: मायक्रोप्लास्टिक मोजायला कितपत भरवशाचं?

नदीतला गाळ असो, समुद्राचं पाणी असो की शिंपल्यातलं मांस, मायक्रोप्लास्टिकचं (प्लास्टिकच्या अतिबारीक कणांचं) काम शेवटी गाळणकागदावरच्या ठिपक्यांपाशी येऊन अडतं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली निळे-लाल तंतू पटकन नजरेत भरतात. पांढरे आणि पारदर्शक कण मात्र वाळूत, कवचाच्या तुकड्यांत हरवून जातात, आणि कण जितका लहान तितकी चूक मोठी. नाईल रेड नेमकी ही अडचण दूर करतं. हे रंगद्रव्य प्लास्टिकला धरून बसतं आणि निळ्या प्रकाशात चमकतं. ज्या प्रयोगशाळेत एफटीआयआर किंवा रामन यंत्र (प्रकाशाच्या वर्णपटावरून पदार्थ ओळखणारी यंत्रं) रोज हाताशी नसतं, तिच्यासाठी ते फार मोलाचं आहे. पण ते चाळणीचं काम करतं, ओळख पटवण्याचं नाही. हा फरक न पाळता छापलेले आकडे प्रदूषणाचं खोटं चित्र उभं करतात.

मुळात हे जीवशास्त्रातलं रंगद्रव्य. 1985 पासून पेशींमधले मेदाचे थेंब दाखवायला ते वापरलं जातंय. पाण्याशी न जमणाऱ्या, तेलकट स्वभावाच्या पृष्ठभागाकडे ते ओढलं जातं, म्हणून प्लास्टिकलाही चिकटतं. त्याची ताकद आणि त्याचा दोष, दोन्ही याच गुणात आहेत.

बाटलीत गडद रंगाची कोरडी पूड येते. 25 मिलिग्रॅमची बाटली दिसायला अगदीच छोटी, पण हिशेब करून बघा. रुळलेल्या पद्धतीत नमुन्यात दर मिलिलिटरला 10 मायक्रोग्रॅम रंग लागतो, म्हणजे 100 मिलिलिटरच्या एका नमुन्याला 1 मिलिग्रॅम. या दराने बाटली 25 नमुन्यांत संपते. तोच नमुना आधी गाळून 10 मिलिलिटरमध्ये आणला, तर 250 नमुने होतात. ब्लँक (नमुनाच नसलेली, नुसत्या रसायनांची चाचणी) आणि कंट्रोललाही (माहितीतलं प्लास्टिक घातलेल्या चाचणीलाही) तेवढाच रंग लागतो, तो यातच धरायचा.

स्टॉक अ‍ॅसिटोनमध्ये करावा, 1 मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम; स्टॉक म्हणजे पुढे पातळ करून वापरायचं तीव्र द्रावण. 10 मिलिलिटर नमुन्यात याचे 100 मायक्रोलिटर टाकले की अ‍ॅसिटोनचं प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास राहतं. ते वाढू देऊ नका, कारण अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरीनला मऊ करतं, विरघळवतंही. स्टॉक वापरण्याआधी 0.2 मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) सिरिंज फिल्टरमधून गाळायलाच हवा. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा फिल्टर इथे चालत नाही, अ‍ॅसिटोनमध्ये तो स्वतःच विरघळतो. गाळण्याची ही पायरी वगळली, तर न विरघळलेले रंगाचे कण कागदावर लखलखतात आणि मोजणीत प्लास्टिक म्हणून जमा होतात.

रंगाइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व रंगवण्याआधीच्या तयारीला आहे. नाईल रेड मेदाला, शेवाळाला, कवचातल्या कायटिनलाही धरतं. म्हणून सेंद्रिय पदार्थ आधी पचवून टाकावे लागतात. पाणी आणि गाळासाठी फेंटनची प्रक्रिया (लोहाच्या मदतीने पेरॉक्साइडकडून सेंद्रिय पदार्थ तोडणं) चांगली: 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 20 मिलिलिटर आणि 0.05 मोलर फेरस सल्फेट 20 मिलिलिटर. फेरसचं द्रावण 7.5 ग्रॅम फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट, 500 मिलिलिटर पाणी आणि 3 मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल यांतून तयार होतं (आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नव्हे). मिश्रण स्वतःहून तापतं आणि क्षणात उसळून बीकरबाहेर येतं. त्यामुळे मोठं बीकर घ्या, बर्फाचं भांडं शेजारी ठेवा आणि तापमान 50 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पीएच 3 च्या आसपास टिकवावा. तो वर गेला की लोहाचा तपकिरी साका कागदावर बसतो, त्याखाली कण झाकले जातात आणि चमक मंदावते.

मांसाच्या नमुन्याला 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, 40 अंशांवर 48 तास. 60 अंशांवर काम लवकर होतं खरं, पण पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आणि सेल्युलोज अ‍ॅसिटेट झिजण्याची भीती वाढते. घाई नको.

गाळाच्या बाबतीत आणखी एक अडसर येतो. प्लास्टिक गाळापासून वेगळं करायला ते जड द्रावणात तरंगवतात, पण मिठाचं संपृक्त द्रावण जेमतेम 1.2 घनतेपर्यंत जातं. त्यात पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन तरंगतात, पण सुमारे 1.38 घनतेचं पीईटी आणि तेवढंच जड पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) तळाशीच राहतं. 1.5 घनतेचं झिंक क्लोराइड दोघांनाही वर आणतं. तळाशी राहिलेलं प्लास्टिक कितीही उत्तम रंगाने दिसणार नाही.

रंग घातल्यावर नमुना अंधारात 30 मिनिटं ठेवायचा, मग काचतंतूच्या कागदावर गाळून स्वच्छ पाण्याने धुवायचा. हे कागद आधी 450 अंशांच्या भट्टीत 4 तास भाजून घेतले की त्यांच्यावरचे तंतू जळून जातात. बघण्यासाठी 450 ते 510 नॅनोमीटरचा निळा प्रकाश आणि कॅमेऱ्यापुढे 529 नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी फिल्टर पुरतो. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तमच. उघडकाळ (कॅमेऱ्याचं एक्स्पोजर), प्रकाशाची तीव्रता आणि चमकेचा उंबरठा सगळ्या नमुन्यांना एकच ठेवा. दर फोटोला हाताने उजेड कमी-जास्त केला, तर दोन नमुन्यांची तुलनाच उरत नाही.

पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरीनवर निकाल खरोखर देखणा येतो. काळ्या पार्श्वभूमीवर कडा स्पष्ट दिसतात आणि मोजणीचं सॉफ्टवेअर त्यांना सहज पकडतं. पीव्हीसी आणि पीईटीवर चमक फिकी, पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंवर त्याहून फिकी. टायरच्या झिजेचे काळे कण तर जवळपास दिसतच नाहीत, कारण त्यांतली काजळी प्रकाश गिळून टाकते. रस्त्याकडेच्या नाल्याचा किंवा कपडे धुतलेल्या पाण्याचा अभ्यास केवळ नाईल रेडवर बेतला असेल, तर मुख्य गुन्हेगारच नोंदीतून सुटतो. अशा कामासाठी हे उत्पादन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट बाजूची चूक म्हणजे प्लास्टिक नसलेलं काहीतरी चमकणं. क्लोरोफिल रंगाविनाच लाल चमकतं. लाकडाचे कणही थोडे उजळतात. म्हणून प्रत्येक खेपेत तीन ब्लँक, रंग न घातलेला एक नमुना, आणि माहितीतलं पॉलिथिन व पीव्हीसी घातलेला एक कंट्रोल ठेवावा. शोधमर्यादा म्हणजे ब्लँकची सरासरी अधिक प्रमाणित विचलनाच्या तिप्पट. तिच्याखालचा आकडा ‘आढळलं’ म्हणून लिहू नये. अंगावर सुती कोट हवा, शक्यतो भडक रंगाचा, म्हणजे त्याचे तंतू कागदावर ओळखू येतात. हातमोज्यांवरची स्टिअरेटची पूड एफटीआयआरमध्ये पॉलिथिनसारखी दिसते. त्यामुळे ‘हातमोजे घातले, म्हणजे नमुना सुरक्षित’ हा समज सोडावा.

चमकलेल्या कणांपैकी काही निवडून त्यांची ओळख पटवणं टाळता येत नाही. निवड यादृच्छिक हवी, नुसते मोठे आणि सुबक कण उचलायचे नाहीत. एफटीआयआरला रंगाचा फारसा त्रास होत नाही, पण ते साधारण 10 ते 20 मायक्रॉनच्या खाली जात नाही. रामन 1 मायक्रॉनपर्यंत पोचतं, मात्र 532 नॅनोमीटरच्या लेझरखाली रंगाचीच चमक सगळा वर्णपट बुडवते. रामन करायचं ठरलं असेल, तर नमुन्याचा एक भाग न रंगवता बाजूला काढून ठेवा.

आता नॅनोकण, आणि इथे फार जपायला हवं. नाईल रेड पाण्यात विरघळत नाही, त्याचे स्वतःचेच बारीक गोळे होतात. 100 नॅनोमीटरचा कण प्रकाशीय सूक्ष्मदर्शकात नुसता धूसर ठिपका दिसतो, तो प्लास्टिकचा की रंगाचा हे कळायला मार्ग नाही. 1 मायक्रॉनखालच्या कणांची संख्या या रंगावरून सांगूच नये.

जीवांच्या शरीरात नॅनोकण कुठवर पोचतात हे बघायला आधीच रंगवलेले पॉलिस्टायरीनचे कण मिळतात, तिथेही हाच धोका. रंग कणातून सुटून मेदाच्या थेंबांत शिरतो आणि ऊती चमकू लागते, कण आतड्यातच असला तरी. डाफ्निया मॅग्ना या पाणपिसवेवर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामाने हे चांगलं दाखवून दिलं. उपाय सोपा आहे: द्रावणातले कण गाळून काढायचे आणि उरलेल्या पाण्यात प्राण्यांचा एक गट तेवढाच वेळ ठेवायचा. तोही चमकला, तर ती चमक कणांची नव्हे. विकतच्या अशा द्रावणांत सोडियम अझाइडसारखं परिरक्षकही असू शकतं आणि ते स्वतःच विषारी आहे. विषारीपणाची चाचणी करण्याआधी डायलिसिसने (विरघळलेले पदार्थ बारीक छिद्रांच्या पडद्यातून बाहेर काढून) कण धुऊन घ्यावेत.

पूड अंधारात, कोरड्या जागी ठेवावी. स्टॉक तपकिरी काचेच्या बाटलीत, थंड आणि घट्ट बंद. अ‍ॅसिटोन उडालं की स्टॉकची तीव्रता वाढते आणि गोळे परत तयार होतात, म्हणून लहान लहान भाग करून ठेवणं बरं. रंगाचं सांडपाणी बेसिनमध्ये ओतू नका, ते सेंद्रिय द्रावकांच्या टाकाऊ डब्यात जायला हवं. वापरलेलं झिंक क्लोराइड मात्र गाळून, घनता तपासून पुन्हा वापरता येतं.