भूक गेली, जेवण सांभाळावं लागलं : तिर्झेपेटाइडच्या इंजेक्शनचे माझे नऊ महिने

नववीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. सप्टेंबरमध्ये एक दिवस दुसऱ्या जिन्यावरच मला कठडा धरून थांबावं लागलं. मधुमेह आणि वजनावरचं तिर्झेपेटाइडचं इंजेक्शन सुरू करून दोन महिने झाले होते, वजन सहा किलो उतरलं होतं, स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी कौतुक करत होतं, आणि माझे पाय कापत होते. वर्गात खुर्चीवर बसले आणि सकाळपासून काय खाल्लं ते आठवू लागले. सहाला चहा आणि दोन मारी बिस्किटं. मधल्या सुट्टीत डब्यातले चार घास पोहे. आदल्या रात्री अर्धी वाटी वरण-भात. बस्स. भूक नव्हती म्हणून जेवले नव्हते, आणि आपण जेवलो नाही हे लक्षातही आलं नव्हतं.

हा अनुभव लिहायला बसले ते या एका गोष्टीसाठी. इंजेक्शनबद्दल जो तो विचारतो, किती किलो उतरलं? पोटात काय गेलं, हे कुणी विचारत नाही. मी तरी दोन महिने स्वतःला विचारलं नव्हतं.

माझ्याबद्दल थोडं. वय ५६, इंदूरला राजेंद्रनगरात राहते, शाळेत गणित शिकवते. घरात हे, ८४ वर्षांच्या सासूबाई आणि मी. मुलगा-सून पुण्याला. अकरा वर्षांपासून मधुमेह. जुलै २०२५ मध्ये वजन ८९ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.१. गुडघे दुखत होते. आधी तीनदा डाएट करून वजन कमी केलं होतं आणि तिन्ही वेळा ते परत आलं होतं. भारतात तिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आलं. माझ्या डॉक्टरांनी आधी तपासण्या केल्या, घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, मला कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का, हे विचारलं आणि मगच सुरू केलं. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी त्यांनी तेव्हाच निम्मी केली, कारण जेवण कमी होणार आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. ज्यांना अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

औषध आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. पहिले चार आठवडे २.५ मिलीग्रॅम, मग ५. आतड्यातून जेवणानंतर जे संप्रेरक निघतात त्यांपैकी दोघांचं काम हे करतं : जठर हळू रिकामं होतं, मेंदूला पोट भरल्याचा निरोप लवकर जातो, साखर वाढली की इन्सुलिन वाढतं. सुई बारीक, दुखत नाही. मी रविवारी सकाळी पूजा आटोपली की घेते.

पहिल्या महिन्यात सोमवार-मंगळवार मळमळ व्हायची, तिसऱ्या दिवसापासून बरं वाटायचं. बद्धकोष्ठ मात्र राहिलं. त्याला रात्री इसबगोल, दिवसभरात घोट घोट पाणी आणि सकाळी भिजवलेल्या मनुका, एवढं मला पुरलं. पाण्याचंही भुकेसारखंच होतं, तहान लागेनाशी होते. मी शाळेत लिटरची बाटली टेबलावर ठेवते आणि दर तासाची घंटा झाली की चार घोट घेते.

सगळ्यात मोठा बदल डोक्यात झाला. आधी चारला शाळेतून निघाले की वाटेत कचोरीचा वास आला आणि पाय वळले नाहीत, असं क्वचितच व्हायचं. खाण्याचा विचार सतत मागे चालू असायचा. तो एकदम थांबला. घरात एवढी वर्षं चालणारा पंखा अचानक बंद व्हावा तसं शांत वाटलं. या शांततेबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे, कारण जन्मभर मला लोकांनी "जिभेवर ताबा ठेव" असंच सांगितलं आणि मी ते खरं मानून स्वतःला दोष देत आले.

पण त्याच शांततेत जेवण हरवलं. जिन्यावरच्या त्या दिवसानंतर डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी तीन दिवस प्रत्येक घास लिहून आणायला सांगितलं. मी लिहून नेलं, त्यांनी बेरीज केली : प्रथिनं दिवसाला साधारण २५ ग्रॅम. त्यांनी माझ्यासाठी ७० ग्रॅमचं उद्दिष्ट ठरवून दिलं. म्हणाल्या, "ताई, वजन उतरतंय त्यात चरबीबरोबर स्नायूही जातायत. पोटात जागा थोडी आहे, मग ती कशाने भरायची हे आधी ठरवा."

आता आपलं मराठी ताट बघा. डावीकडे चटणी-कोशिंबीर, मधे भाताची मूद, पोळ्या, भाजी, आणि वरण म्हणजे भातावर ओतायचं पातळ वरण. प्रथिनांची वाटी सगळ्यात लहान आणि सगळ्यात पातळ. भूक भरपूर होती तेव्हा दोनदा वरण, वर ताक, असं करून निभावत होतं. आता सहा-सात घासांत पोट भरतं. ते घास पोळी-भाताचे झाले तर डाळीची पाळी येतच नाही. म्हणून मी जेवणाचा क्रम उलटा केला. आधी घट्ट डाळ किंवा उसळ चमच्याने खायची, मग पनीर, मग भाजी, आणि जागा उरली तर अर्धी पोळी. भात बहुतेक राहतोच. सासूबाईंना हे बघवत नव्हतं. वरण नुसतं खाणं म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं त्यांचं म्हणणं. आता त्याच मला विचारतात, "डाळ घट्ट ठेवली ना गं?"

माझा सगळ्यात भरवशाचा पदार्थ म्हणजे मुगाचं धिरडं. साधारण ४० ग्रॅम मूगडाळ रात्री भिजवते, सकाळी आलं-मिरची घालून वाटते, मीठ-हळद. बिडाच्या तव्यावर पातळ पसरून कड सुटू लागली की त्यावर ३० ग्रॅम पनीर किसून टाकते, दाबते आणि उलटते. पनीर तव्याला लागून बदामी होतं, त्याची कुरकुरीत जाळी तयार होते. वरून चिमूटभर जीरावन, हा आमचा इंदुरी मसाला. दोन लहान धिरडी होतात, त्यात साधारण १५ ग्रॅम प्रथिनं जातात आणि तेल अर्धा चमचा. गार झालं तरी चिवट होत नाही, म्हणून डब्याला चालतं. पहिल्यांदा मी दीडच खाऊ शकले. उरलेलं अर्धं फेकायचं नाही, दोन तासांनी खायचं, हे शिकायला वेळ लागला.

दुसरा चक्का. सांची डेअरीचं अर्धा किलो दही रात्री फडक्यात बांधून टांगते. सकाळी त्यात काकडी, दाण्याचं कूट, जिऱ्याची फोडणी. वाटीभर चक्क्यात आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं, साध्या दह्याच्या दुपटीहून जास्त, आणि मळमळीच्या दिवशीही गारेगार घशाखाली उतरतो. चारला ताकात दोन मोठे चमचे सत्तू. रात्री सोयाबीनच्या वड्या : मूठभर गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, मिक्सरमधून एकदा फिरवून पिठल्यात किंवा टोमॅटोच्या रस्स्यात. अख्ख्या वड्या मला रबरासारख्या लागायच्या, बारीक केल्यावर चव बसली. असं सगळं धरून मी ६० ते ६५ पर्यंत पोचते. सत्तर रोज होत नाही.

पोह्यांबद्दल लिहिलं नाही तर इंदूरची म्हणवून घेता येणार नाही. वाफेवरचे पोहे, वर शेव, डाळिंबाचे दाणे, शेजारी जलेबी, हा आमचा रविवार. पोहे मी सोडले नाहीत. पण पोटाच्या दृष्टीने पोहे म्हणजे जागा भरपूर आणि माल थोडा. आता पोह्यांत मोड आलेले मूग वाफवून निम्मे घालते, शेंगदाणे जास्त टाकते आणि वाटीभरच खाते. जलेबी अर्धी, यांच्या ताटलीतली.

चूक केली ती नोव्हेंबरमध्ये. देवासला नणंदेकडे दाल-बाफले होते. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी उकळून मग भाजतात आणि कुस्करून तुपात बुडवतात. "वहिनी, एवढंच? आमच्या हातचं आवडलं नाही का?" असं वन्सं दोनदा म्हणाल्या आणि मी दोन बाफले, वर लाडू खाल्ला. संध्याकाळपासून सडक्या अंड्यासारखे ढेकर सुरू झाले. रात्री दोनला उलटी झाली त्यात दुपारची डाळ जशीच्या तशी होती. बारा तास ते अन्न जठरातच बसून होतं. डॉक्टर म्हणाले, औषधाने जठर आधीच मंद, त्यात तुपाने आणखी मंद. एक ताकीदही दिली : वरच्या पोटात जोराची कळ आली, पाठीपर्यंत गेली आणि थांबेना, तर घरी ओवा खात बसायचं नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा. स्वादुपिंडाची सूज किंवा पित्ताचे खडे असू शकतात.

त्यानंतर मी एक केलं, जे आधीच करायला हवं होतं. कुणाकडे जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगते, "मी औषधावर आहे, दोन घासच जेवेन, वाढताना लहान ताटली द्या." आपल्याकडे पानात टाकणं हा अन्नाचा अपमान आणि नको म्हणणं हा वाढणाऱ्या हाताचा. दोन्हींतून सुटायचं तर आधी बोलणं हाच मार्ग. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला सात घरी गेले. प्रत्येक घरी तिळगूळ हातात घेतला, एक वडी खाल्ली, बाकीच्या डब्यात आणल्या. कुणाला वाईट वाटलं नाही.

उपासांचंही ठरवावं लागलं. नवरात्रात माझे नऊ दिवस असायचे. डॉक्टरांनी मोडता घातला, मग उठता-बसता केला. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. या लहानशा पोटात साबुदाण्याची खिचडी गेली की दुसरं काही जात नाही. त्या दोन दिवशी राजगिऱ्याची भाकरी, दही, दाण्याची आमटी आणि दूध असं ठेवलं. चक्कर आली नाही.

ऑक्टोबरमध्ये डोस ७.५ केला होता. बाफल्यांचं प्रकरण त्यातलंच. डिसेंबरपर्यंत दिवसाला चाळीस ग्रॅमही प्रथिनं जात नव्हती, आणि केस असे गळू लागले की वेणी घालताना हातात पुंजका येई. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं, कमी निघालं. लोह आणि बी१२ सुरू झालं. डॉक्टरांनी मला विचारून डोस परत ५ वर आणला. वजन उतरण्याचा वेग मंदावला, जेवण परत आलं. मी या निर्णयावर समाधानी आहे. मोठा डोस म्हणजे पुढची इयत्ता, असं मला वाटत होतं, तसं नाही. ज्या डोसवर नीट जेवता येतं तोच माझा डोस. केस गळणं फेब्रुवारीपासून थांबलंय, कपाळाशी नवे बारीक केस दिसतायत.

नुसती प्रथिनं खाऊन स्नायू टिकत नाहीत, त्यांना कामही द्यावं लागतं. जिम मला जमली नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवते, हात छातीशी आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजते. सप्टेंबरच्या शेवटी आठ वेळा व्हायचं, आता चौदा. शिवाय दोन किलोचे डंबेल्स आणि रबरी पट्टा, आठवड्यातून चार दिवस वीस मिनिटं.

खर्च मोठा आहे. आलं तेव्हा २.५ च्या कुपीची किंमत ३,५०० रुपये होती आणि ५ ची ४,३७५, म्हणजे ५ वर महिन्याला चार कुप्यांचे साडेसतरा हजार. आमच्या घरात हा खर्च दोघांनी बसून हिशोब करूनच ठरवला. आणि एक : एका ओळखीच्या बाई बिनचिठ्ठीचं इंजेक्शन कुठूनतरी मागवून घेत होत्या, मेसेज करून डोस विचारत होत्या. मी त्यांना हात जोडून थांबवलं. पुढे कधी ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे औषध चालू असल्याचं सांगायचं, कारण उपाशी असूनही जठरात अन्न असू शकतं.

आज वजन ७८, एचबीए१सी ६.२, ग्लिमेपिराइड बंद. गुडघे अजून दुखतात, पण जिना एका दमात चढते. औषध थांबवल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत वाढतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. पुढे काय करायचं ते जूनच्या भेटीत ठरेल.

गेल्या शनिवारी रात्री यांच्याबरोबर सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेले, नऊ महिन्यांत पहिल्यांदा. घरून सातला डाळ खाऊन निघाले होते. भुट्ट्याच्या किसाची एक प्लेट दोघांत घेतली. दुधात शिजलेला कोवळा मका, मोहरी, वर लिंबू. मी चार चमचे खाल्ले, सावकाश, उभ्याउभ्या, प्रत्येक चमच्याची चव घेत. पाचवा यांना दिला.