एकाच हॉटेलात दोनदा: नऊ महिने आणि एक वही

शिकायला या शहरात आले तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. आठवड्यातली दोन जेवणं मेसबाहेर करायची आणि शहर हॉटेलांमधून ओळखायचं. बाकीच्या खर्चाला कात्री लावून त्या दोन जेवणांचे पैसे बाजूला काढते. पहिले दोन महिने फोनवरचे स्टार बघून जात होते. नंतरचे सात महिने खिशात मावणारी एक वही आणि एकच नियम वापरतेय: कुठल्याही हॉटेलाबद्दल एका खेपेत मत करून घ्यायचं नाही. दुसऱ्यांदा जायचं, वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी, आणि पहिल्यांदा खाल्लेला निदान एक पदार्थ पुन्हा मागवायचा. हा अनुभव त्या वहीचा आणि त्या नियमाचा.

आधी स्टारांबद्दल. त्या दोन महिन्यांत मी १७ ठिकाणी जेवले, प्रत्येक ठिकाणी एकदाच. आज त्यांतल्या निम्म्या ठिकाणचे फोटो फोनमध्ये आहेत आणि चव अजिबात आठवत नाही. खालचे अभिप्राय वाचत बसले की आणखी गोंधळ व्हायचा. गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून कुणी एक स्टार दिलेला, वाढदिवस छान झाला म्हणून कुणी पाच. जेवण, जागा आणि वागणूक या तिन्हींचा मिळून एकच आकडा. त्यातून मला हवं ते कसं कळणार? न्यूयॉर्कच्या टिम आणि नीना झॅगट या जोडप्याने १९७९ मध्ये ओळखीच्या लोकांकडून हॉटेलांविषयीची मतं गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या पुस्तिकांमध्ये जेवण, सजावट आणि सेवा यांना वेगवेगळे गुण असायचे, प्रत्येकी ३० पैकी. ही वाटणी मला फार पटली. माझ्या वहीत तेच तीन रकाने आहेत, चौथा मी आवाजासाठी वाढवला.

आणि या स्टारांवर हॉटेलवाल्यांचं पोट अवलंबून असतं, हे विसरता येत नाही. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिॲटलमधली हॉटेलं आणि येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरचं त्यांचं मानांकन ताडून पाहिलं. एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढत होतं. हा परिणाम स्वतंत्र, एकट्याने चालवलेल्या हॉटेलांवर होता, साखळी हॉटेलांवर नाही. म्हणजे ज्याच्या मागे मोठं नाव नाही त्यालाच माझ्या एका रागाची किंमत मोजावी लागते. हे वाचल्यापासून एका जेवणावरून स्टार ठोकायला माझा हात धजावत नाही.

वही सुरू झाली ती एका सूपमुळे. शुक्रवारची रात्र, हॉटेल तुडुंब भरलेलं. मी एकटी, पाठीवर कॉलेजची सॅक. मला स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेलं टेबल मिळालं. दार दर अर्ध्या मिनिटाला उघडत होतं आणि प्रत्येक वेळी मानेवर गरम वाफ यायची. सूप आलं ते कोमट, वर पातळ साय धरलेली, वाटीच्या काठावर थेंब ओघळून सुकलेला. मी खाल्लं, पैसे दिले, निघाले. स्टारांच्या हिशोबाने तिथे परत जायचं काही कारणच नव्हतं. पण ती साय चमच्याने बाजूला केल्यावर खालून जी चव आली होती, ती मनातून जाईना. कुणीतरी त्या सुपाला वेळ दिला होता.

अकरा दिवसांनी मंगळवारी दुपारी तीनला परत गेले. तीनच टेबलं भरलेली. तेच सूप मागवलं. वाटी टेबलावर ठेवताना वेटरने खालची बशी माझ्याकडे वळवून दिली, चमचा उजव्या हाताला. वाफेने चष्मा धुरकटला. चष्मा पुसून पहिला घोट घेतला आणि तिथेच ठरवलं की आतापर्यंत मी हॉटेलं चुकीच्या पद्धतीने बघत होते. शुक्रवारी मी गर्दी चाखली होती, आचाऱ्याचा हात मंगळवारी चाखला.

(रेस्टॉरंट हा शब्दच मुळात सुपाचा आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसाला ताकद देणाऱ्या कढवलेल्या रश्शाला हे नाव होतं, आणि १७६०च्या दशकात तो विकणाऱ्या जागांना तेच नाव पडलं. ठरल्या वेळी सगळ्यांच्या पंगतीत वाढतील ते खाण्याऐवजी स्वतःचं वेगळं टेबल आणि यादीतून आपल्याला हवं ते निवडायची मुभा ही त्या जागांची नवलाई होती. एकटीने जेवायला जाते तेव्हा मला हे हटकून आठवतं. एकट्या माणसाला टेबल मिळणं ही उपकाराची गोष्ट नाही, या धंद्याची सुरुवातच तिथून आहे.)

विद्यार्थिनीला दाराजवळचं टेबल मिळतं, यामागे काही दरवेळी वाईट हेतू नसतो. पण फरक पडतो हे खरं. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ राइशल १९९३ मध्ये 'ल सर्क' या नामांकित हॉटेलात वेश बदलून गेल्या तेव्हा त्यांना ताटकळत बसावं लागलं. ओळखलं गेल्यावर त्याच जागी टेबल तत्काळ मिळालं. त्यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि हॉटेलचे चार स्टार तीनवर आणले. मला यातून इतकंच घ्यावंसं वाटलं, की कोण म्हणून आपण बसलो होतो हेही नोंदवलं पाहिजे. म्हणून वहीत तारखेशेजारी लिहिते: एकटी, मैत्रिणींबरोबर, किंवा आईबाबा आले होते तेव्हा. आईबाबांबरोबरच्या खेपांना सेवेचे गुण जवळपास दरवेळी जास्त आहेत.

मिशलिनचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. टायरच्या कंपनीने १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी काढलेली ही फुकट पुस्तिका. हॉटेलांना तारे द्यायला १९२६ मध्ये सुरुवात झाली, दोन आणि तीन ताऱ्यांची उतरंड १९३१ पासून. मला त्या ताऱ्यांपेक्षा त्यामागची शिस्त आवडते. निरीक्षक नाव न सांगता जातो, बिल भरतो, आणि निर्णय एकाच जेवणावर होत नाही. तिथे निरीक्षकाचे पैसे कंपनी भरते, इथे दुसरी खेप माझ्याच खिशातून जाते. तरी ती माझ्या कामाला आली. नियम लावल्यापासून मी १९ जागी मिळून ५३ वेळा जेवले. पाच जागा अशा निघाल्या, जिथे पाच-पाच वेळा गेले.

चौथ्या रकान्याने मला सर्वात जास्त शिकवलं. फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. सुपाच्या त्याच हॉटेलात शुक्रवारी रात्री नंतर एकदा मोजलं तर ८४ डेसिबल, मंगळवारी दुपारी ६१. फोनचं माप प्रयोगशाळेसारखं नेमकं नसतं, पण फरक समजायला पुरतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना हेडफोनमधून मोठा आवाज ऐकवत खायला दिलं होतं, तेव्हा गोड आणि खारट चव त्यांना कमी जाणवली, कुरकुरीतपणा मात्र जास्त. ते वाचल्यावर माझ्या जुन्या नोंदी उघडल्या. 'मीठ कमी' असा शेरा सात ठिकाणी होता, आणि त्यांतल्या सहा खेपा गोंगाटाच्या रात्रींच्या. आता गर्दीच्या वेळी मी मिठाबद्दल काहीच लिहीत नाही.

एक नोंद मात्र एका खेपेतच बंद केली. दुपारी उशिरा एका ठिकाणी बुफे होता. झाकणाखालची भांडी हाताला कोमट लागत होती, खालचा दिवा विझलेला. मला भूक होती, मी वाढून घेतलं. पुढचे तीन दिवस अंथरुणात काढले, आणि नेमकी प्रॅक्टिकलची परीक्षा त्याच आठवड्यात. कारण तेच जेवण होतं, हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून कुठे लिहिलंही नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेचा नियम तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर आहे: शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर हवं, थंड ठेवायचं ते ५ अंशांच्या खाली, आणि साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त नको. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. भांड्यातून वाफ येत नसेल तर आता मी ताट उचलत नाही. इथे दुसऱ्या खेपेचा नियम लावायचाच नाही, हे स्पष्ट सांगते.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पहिलं जेवण सुमार झालं असताना त्याच दारात पुन्हा पैसे घेऊन जाणं जड जातं, आणि १९ पैकी आठ ठिकाणी दुसरं जेवणही सुमारच निघालं. मैत्रिणींना रोज नवीन जागा हवी असते, त्यामुळे दुसऱ्या खेपा बहुतेक एकटीने केल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून वेटर ओळखायला लागतात आणि मग नोंद निर्भेळ राहत नाही. पण त्याच ओळखीतून एकदा वेटर हळूच म्हणाला, "ताई, ते आत्ता नका घेऊ, सकाळचं आहे. सातनंतर ताजं होईल." असा सल्ला कुठल्याही अभिप्रायात मिळाला नसता. सातनंतर थांबून तेच घेतलं.

संख्याशास्त्राच्या तासाला सरांनी एक प्रश्न सांगितला होता, हर्बर्ट रॉबिन्स यांनी १९५२ मध्ये मांडलेला: अनेक पर्यायांमधून काय मिळेल हे माहीत नसताना किती वेळ नवीन शोधायचं आणि किती वेळ हाती लागलेल्या चांगल्यावर राहायचं? उत्तर बरंचसं आपल्याकडे वेळ किती उरलाय यावर ठरतं. सुरुवातीला शोध फायद्याचा, कारण सापडलेलं पुढे पुष्कळ दिवस पुरतं. वेळ संपत आला की सापडलेल्याकडे परत जाणं फायद्याचं.

माझा कोर्स चार महिन्यांत संपतोय. वहीत सात कोरी पानं आहेत. दोन नवीन जागांसाठी ठेवलीत, पाच त्या पाच जागांसाठी. सुपाच्या हॉटेलात येत्या मंगळवारी तीनला जाणार आहे. आता तिथे स्वयंपाकघराच्या दाराजवळचंच टेबल मी मागून घेते. दार उघडलं की आतून काय ताजं निघतंय ते दिसतं, आणि त्यावरून काय मागवायचं ते ठरवता येतं.