संडरलँडचं सीझन कार्ड: सात हंगाम वापरल्यावर

दर उन्हाळ्यात इकडे इंग्लंडच्या ईशान्य टोकाला नवीन आलेलं कोणी ना कोणी मराठी माणूस मला विचारतंच, "ताई, तुम्ही ते फुटबॉलचं कार्ड घेतलंय म्हणे. परवडतं का?" ते म्हणजे इथल्या संडरलँड फुटबॉल क्लबचं सीझन कार्ड, हंगामभर घरच्या मैदानावरच्या सामन्यांचा पास. दरवेळी तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून आता लिहूनच टाकते. आधी एक कबुली: मला ऑफसाइडचा नियम अजूनही नीट कळत नाही. मी कोल्हापूरची. घरी पाटाकडील, मामांकडे शिवाजी तरुण, हे तिथले फुटबॉलचे संघ, त्यामुळे मॅचच्या दिवशी कुठल्या गल्लीतून जायचं नाही एवढं लहानपणापासून कळत होतं. पण शाहू स्टेडियमच्या आत मी कधी बसले नव्हते. तिथला दंगा आम्ही मुलींनी गच्चीवरूनच ऐकला.

इथे मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. १६ डिसेंबर २०१७ ला एका सहकाऱ्याला जायला जमेना, म्हणून त्याचं तिकीट माझ्या हातात आलं. समोर फुलम होतं. मला कोणी सांगितलंच नव्हतं की संडरलँडने ३६४ दिवसांत घरच्या मैदानावर एकही सामना जिंकलेला नाही. बदली म्हणून आलेल्या जोश माजा नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने, आपल्या पहिल्याच लीग सामन्यात, गोल मारला आणि १-० ने जिंकले. माझ्या आजूबाजूची मोठी माणसं रडत होती. मला वाटलं, काहीतरी कप जिंकला असेल.

सोमवारी लॅबमध्ये मी थट्टेने पायगुण म्हणजे काय ते समजावलं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की पुढचं तिकीट आपोआप माझ्यासाठी राखून ठेवलं जायला लागलं. एप्रिलमध्ये बर्टनविरुद्धही मी होते. पुढे असताना शेवटच्या पाच मिनिटांत दोन गोल खाल्ले. त्यातला पहिला डॅरेन बेंटने मारला, जो एके काळी संडरलँडचाच लाडका होता. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरगुंडी झाली. आधी सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमधून दुसऱ्या डिव्हिजनला, मग तिसऱ्या, म्हणजे सलग दुसऱ्या वर्षी खाली. त्यानंतर लॅबमध्ये माझा पायगुण कोणी काढला नाही.

कार्ड मी घेतलं ते त्याच उन्हाळ्यात. शहाणपणा म्हणा की वेडेपणा. पोरगा सहा वर्षांचा होता, लहान मुलांचं कार्ड खूप स्वस्त होतं, आणि शनिवारी दुपारी त्याला घेऊन जायचं तरी कुठे? त्या सुट्टीत क्लबने प्रेक्षकांनाच बोलावलं होतं. लाल खुर्च्या उन्हाने विटून गुलाबी झाल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या. (संडरलँडच्या उन्हाने! इथे आमचं उन्हाळी वाळवण घरात हीटरवर होतं.) मी पान्हा धरला, पोराने नट गोळा केले. शेजारी एक आजोबा गुडघे टेकून बोल्ट काढत होते. मला म्हणाले, "थँक्यू, पेट." इथली माणसं प्रेमाने कोणालाही पेट म्हणतात. मला मात्र 'पेठ' ऐकू आलं आणि क्षणभर मी कोल्हापुरात मिरजकर तिकटीला जाऊन आले. हंगाम सुरू झाला तेव्हा बघते तर आमच्या दोन खुर्च्यांना लागून त्यांचीच खुर्ची.

आता वस्तूविषयी. क्लबचं मैदान, स्टेडियम ऑफ लाइट, जिथे उभं आहे तिथे १९९३ पर्यंत मंकवेअरमथची कोळशाची खाण होती. बाहेर खाणकामगाराचा मोठा दिवा उभा केलाय, आणि आजोबा स्वतः त्याच खाणीत होते. म्हणजे पूर्वी ते जिथे जमिनीखाली जायचे, त्याच जागेवर आता बसून ओरडतात. मैदान कुठूनही छान दिसतं. शहरातून पूल ओलांडून चालत जा, मेट्रोने जाऊ नका. सुटल्यावर स्टेशनबाहेर लांबलचक रांग लागते. थंडीचं काय सांगू! समुद्र जवळ आहे, वारा थेट हाडात शिरतो. डिसेंबरात दुसरा हाफ सुरू व्हायच्या आत अंधार पडलेला असतो. पायमोजे दोन घाला, आणि खाली पुठ्ठ्याचा तुकडा टाकून त्यावर पाय ठेवा. ही आजोबांची युक्ती. शाकाहारी असाल तर खाऊ घरूनच न्या. मी भडंग नेते. पहिल्यांदा दिलं तेव्हा आजोबांनी लसणाची पाकळी उचलून विचारलं, हे काय आहे. आता हाफटाइमला न विचारता हात पुढे करतात.

लोकांना वाटतं तिसऱ्या डिव्हिजनला काळं कुत्रं फिरकत नसेल. २०१८ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९ माणसं होती. मी मोजली नाहीत, फलकावर आकडा आला तेव्हा स्वतःलाच टाळ्या वाजवल्या लोकांनी.

आणि मग वेम्ब्ली, लंडनचं ते मोठं स्टेडियम जिथे फायनल होतात. २०१९ मध्ये दोन महिन्यांत दोनदा गेलो. मार्चमध्ये खालच्या डिव्हिजनच्या क्लबांच्या छोट्या कपची फायनल, पोर्ट्समथशी २-२, पेनल्टीवर हरलो. मे महिन्यात वरच्या डिव्हिजनमध्ये चढण्यासाठीची फायनल, चार्लटनशी. पाचव्या मिनिटाला त्यांच्याच खेळाडूने गोलकीपरला दिलेला पास सरळ त्यांच्या जाळ्यात गेला. एवढं फुकटचं दान मिळाल्यावर कोणी हरेल? आम्ही हरलो. ९४ व्या मिनिटाला. परतीच्या बसमध्ये पाच-सहा तास कोणी चकार शब्द काढला नाही. पोराने गालावर लावलेला लाल रंग माझ्या खांद्यावर उतरला आणि तो तसाच झोपून गेला. ते जाकीट मी अजून वापरते, डाग निघत नाही.

पुढच्या वर्षी कोविडने हंगाम अर्ध्यात कापला, गुणांची सरासरी काढली आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्येही आठवा नंबर आला. क्लबच्या इतिहासात एवढं खाली कधी गेले नव्हते. मग मार्च २०२१. तोच छोटा कप, तीच वेम्ब्ली, समोर ट्रॅनमियर. लिंडन गूचने गोल मारला, जिंकलो. १९७३ नंतर पहिल्यांदाच वेम्ब्लीत विजय, आणि स्टेडियममध्ये प्रेक्षक एकही नाही! रात्री आजोबांचा फोन आला. म्हणाले, "पेट, कळलं का? आपण दोघं नव्हतो."

मी पायगुणाची गोष्ट त्यांना कधीतरी सांगितली होती. त्यांनी ती पुरती आपलीशी करून टाकली होती. १९७३ ला पोटाच्या ऑपरेशनमुळे ते घरी होते. त्यानंतर १९८५, १९९०, १९९२, १९९८, २०१४ आणि २०१९ ला दोनदा, प्रत्येक वेळी गेले आणि प्रत्येक वेळी हरून आले. १९९० ची तर गंमतच. स्विंडनकडून हरले, पण स्विंडनच्या पैशांच्या व्यवहारात घोळ निघाला आणि संडरलँडला वर चढवलं. आजोबांच्या मते तो विजय धरायचा नाही.

जानेवारी २०२२ मध्ये बोल्टनने ६-० ने धुतलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर घरी. त्या आठवड्यात नवरा सरळ म्हणाला, कार्ड बंद कर, त्या पैशात कोल्हापूरचं तिकीट येईल. कार्ड काही बंद केलं नाही, पण मे महिन्यात मावसभावाच्या लग्नाला आम्ही कोल्हापुरात होतो. २१ तारखेला इकडे वेम्ब्लीवर वायकमला २-० ने हरवून चार वर्षांनी तिसऱ्या डिव्हिजनमधून सुटका झाली. मी मांडवात फोन बघून किंचाळले. मावशीला वाटलं दागिना हरवला.

म्हणून २०२५ ला आम्ही नीट ठरवून वागलो. प्रीमियर लीगमध्ये चढण्यासाठीची, कव्हेंट्रीविरुद्धची सेमीफायनल घरच्या मैदानावर, तिथे माझा पायगुण चालतो असं आजोबांचं मत. जादा वेळेतही शेवटचे काही क्षण उरले होते, पेनल्टीची तयारी मनाने केलेली, आणि १२२ व्या मिनिटाला डॅन बॅलार्डच्या डोक्याला लागून बॉल आत. भडंगाची पिशवी कुठे उडाली देव जाणे. पुढच्या रांगेतल्या बाईंच्या केसांत शेंगदाणे होते आणि त्यांनी मलाच मिठी मारली.

वेम्ब्लीच्या फायनलला नवरा आणि पोरगा गेले. आम्ही दोघं अपशकुनी माणसं आजोबांच्या घरी चहा घेऊन बसलो, टीव्हीचा आवाज बंद. शेफील्ड युनायटेडने गोल मारला. मग दुसराही मारला, तो व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी, रद्द केला. आजोबा उठून भांडी घासायला गेले. ७६ व्या मिनिटाला मायेंडाने बरोबरी केली, ते साबणाच्या हातांनी परत आले. ९५ व्या मिनिटाला टॉमी वॉटसन. इथल्याच अकादमीत वाढलेला पोरगा, दुसऱ्या क्लबला जायचं आधीच ठरलेलं, जाता जाता प्रीमियर लीगचं दार उघडून गेला. आठ वर्षांनी. आजोबा काही बोलले नाहीत, टॉवेल तोंडाला लावून उभे राहिले. पोराचा फोन आला, "आई, बरं झालं तू आली नाहीस!"

तर परवडतं का? पैशाचा हिशेब हवा असेल तर ऐका: खालच्या डिव्हिजनमध्ये घरचे २३ सामने मिळतात, प्रीमियर लीगमध्ये १९. म्हणजे टीम जिंकून वर गेली की तुमचे चार शनिवार कमी. पाचपैकी चार स्टार देते, एक वाऱ्याचा कापला. आणि ज्यांनी २०१८ मध्ये "तिसऱ्या डिव्हिजनला पैसे देऊन जाता?" असं हसत विचारलं होतं, त्यांनी आता तिकिटासाठी मेसेज करू नयेत.

१६ ऑगस्ट २०२५ ला प्रीमियर लीगची पहिली मॅच, वेस्ट हॅम. त्याच खुर्च्या. ३-० ने जिंकलो. सुटल्यावर गर्दी ओसरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. आजोबांनी पिशवीच्या तळातला चुरा तळहातावर घेतला आणि विचारलं, "मग, पेट? फिटलं का गं ते तुझं पायांचं?"

"घरचे-बाहेरचे मिळून अजून ३७ आहेत," मी म्हटलं.