फिश बोर्डाचे आठ महिने: लिटर बघून घेतला, रेलने शिकवलं

माझा फिश, म्हणजे आखूड आणि रुंद सर्फबोर्ड, दुरुस्त होऊन आला आणि पहिल्याच उजव्या लाटेवर (जिच्यावर उजवीकडे जायचं असतं) काहीतरी बिनसलंय हे पायांना कळलं. टेकऑफ, म्हणजे लाट पकडून उभं राहणं, नेहमीसारखा झाला, लाटेवर आडवा वेगही आला. पण वळायला मागचा पाय दाबला तशी टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं टोक, पाण्याला चिकटून बसली. माझी चांगली बाजू उजवीच, आणि या बाजूला हा बोर्ड आधी हवं तेव्हा सुटायचा. तीन महिन्यांपूर्वी हा अनुभव लिहिला असता तर यातलं निम्मं चुकीचं लिहिलं असतं, म्हणून आत्ता लिहितोय.

बोर्ड ५ फूट १० इंच, २१ इंच रुंद, २⅝ इंच जाड, घनफळ ३७ लिटर. आत ईपीएस (थर्माकोलच्या जातीचा) फोम, त्यावर इपॉक्सी रेझिनचा थर, स्वालो टेल (मधे खाच असलेली), तळाला दोन कील फिन (लांब तळाचे बुटके पर). माझं वजन ७२ किलो. याआधी दोन वर्षं ७ फूट ६ इंचाचा, ५२ लिटरचा बोर्ड वापरला. लहान बोर्डाकडे जाताना जो तो एकच प्रश्न विचारतो, किती लिटर? मीही तेवढंच पाहिलं. लांबी कमी झाली तरी रुंदीने भरपाई होईल, ३७ लिटर म्हणजे पॅडल करायला पुरेसं, असा हिशोब होता.

पॅडलचा हिशोब बरोबर निघाला. नोजला, म्हणजे पुढच्या टोकाला, रॉकर (वर वळलेला बाक) कमी असल्याने बोर्ड सपाट तरंगतो आणि मऊ, कमी उताराच्या लाटा लवकर पकडतो. उभ्या लाटेत मात्र तोच सपाटपणा नडतो. सरळ खाली उतरायला गेलो की नोज पाण्यात घुसते, म्हणून टेकऑफ तिरकाच घ्यावा लागतो. चार-सहा वेळा आपटलो, मग सवय झाली.

लिटरचा आकडा खोटा नसतो, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. बोर्ड पाण्याखाली पूर्ण दाबला तर ३७ लिटर पाणी बाजूला सरतं आणि तेवढी उचल मिळते, एवढाच त्याचा अर्थ. ती उचल बोर्डाच्या कुठल्या भागात आहे, हे आकड्यात येत नाही. पाचव्या महिन्यात एका मित्राचा ६ फूट ४ इंचाचा बोर्ड तासभर वापरला. तोही ३७ लिटरचाच. पण त्याचा फोम मधल्या पट्ट्यात, पाठ (वरची बाजू) फुगीर आणि रेल, म्हणजे बाजूच्या कडा, इतक्या पातळ की चिमटीत मावतील. माझ्या बोर्डाची पाठ जवळजवळ सपाट आणि जाडी थेट रेलपर्यंत आलेली. त्याचा बोर्ड घोट्याच्या हलक्या दाबाने कलंडायचा. माझा कलवायला अख्खं शरीर टाकावं लागतं, कारण रेलमधला फोम पाण्याखाली जायला तयारच नसतो. आकडा तोच आणि दोन बोर्डांत काडीचं साम्य नाही. जाडी मोजतात ती बोर्डाच्या मधोमध. रेलची जाडी कुणी लिहीत नाही, आणि माझा खरा राग याच गोष्टीवर आहे.

पहिले तीन महिने मी हा बोर्ड मंद आहे असं सगळ्यांना सांगत होतो. ते मत मागे घेतो. चूक माझ्या मागच्या पायाची होती. फिशचा हा आकार स्टीव्ह लिस याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन डिएगोत गुडघ्यांवर बसून लाटा घेण्यासाठी बनवला. गुडघ्यांवर बसणाऱ्याचं वजन आपोआप मागे, त्या रुंद टेलवर येतं. मी मात्र जुन्या लांब बोर्डाच्या सवयीने मधोमध उभा राहत होतो आणि टेलमधून काहीच घडत नव्हतं. मागचा पाय एक वीत मागे, बरोबर फिनच्या वर नेला आणि त्याच दिवशी बोर्ड जागा झाला. लाटेचा पडका, कमजोर भाग तो ज्या वेगाने ओलांडतो ते मी आधी कुठल्याच बोर्डावर अनुभवलं नव्हतं. दोन फिन, मध्ये अडवणारं काही नाही, खाली भरपूर सपाट जागा. छातीपर्यंतच्या लाटांत याहून आनंद देणारी वस्तू माझ्याकडे नाही.

पाठ लाटेकडे करून डावीकडे जाताना तो अजूनही जड वाटतो. टाचेच्या बाजूने एवढी रुंद टेल आणि जाड रेल कलवायला जोर कमी पडतो. नवे फिन घेण्याआधी मित्राचे उंच, उभे ट्विन फिन उसने घेऊन पाहिले. वळणं लहान झाली, पण लांब तळाच्या कीलची जी सलग ओढ होती ती गेली. ते फिन परत केले. लाट मोठी आणि पोकळ झाली की दोन फिनांवर टेल घसरते. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने त्यामुळेच तिसरा फिन लावला आणि १९८१ मध्ये त्या थ्रस्टरवर (तीन फिनांच्या बोर्डावर) तिथल्या बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा जिंकली. तशा दिवसांत हा बोर्ड घेऊन पाण्यात उतरायचंच नाही, हे मी मान्य केलं आहे.

आता दुरुस्तीचं. सहाव्या महिन्यात खडकाला लागून उजव्या रेलला, टेलपासून वीतभर पुढे, तडा गेला. लगेच बाहेर आलो, टेप लावली, सावलीत वाळवला आणि दुरुस्तीला दिला. करणाऱ्याने न विचारता पॉलिएस्टर रेझिन ओतलं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि ते ईपीएस फोम विरघळवतं. तडा बोटाएवढा होता, आत मुठीएवढी पोकळी झाली. वर फायबरग्लासचा थर गुळगुळीत, त्यामुळे बाहेरून काही दिसेना. अंगठ्याने दाबलं तर खाली काहीच नाही. जाब विचारला तर उत्तर मिळालं की फोम कुठला ते तुम्ही सांगायला हवं होतं. माझ्या मते हे विचारणं दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे, तोच त्याच्या कामाचा पहिला प्रश्न. पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्याने तो भाग कापून काढला, दोन आठवडे वाळवला, ईपीएसचा तुकडा बसवून इपॉक्सीने बंद केला. काम मजबूत झालं, पाण्याचा थेंब आत जात नाही. पैसे मात्र दोनदा गेले. तुमचा बोर्ड ईपीएसचा असेल तर दुरुस्तीला देताना मार्करने ठळक लिहून द्या, तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

पण टेल चिकटायला लागली ती या चांगल्या दुरुस्तीनंतर. आधी वाटलं वजन वाढलं असेल. मग वाटलं मीच दोन महिने पाण्याबाहेर होतो म्हणून. शेवटी बोर्ड उलटा ठेवला आणि डोळे मिटून दोन्ही रेलवरून बोट फिरवलं. डाव्या बाजूला टेलकडच्या शेवटच्या फूटभरात तळ आणि रेल जिथे मिळतात तिथे धारदार कड आहे. उजवीकडे तीच कड वीतभर गोल घासली गेली होती. दुरुस्ती करणाऱ्याने सुबक दिसावी म्हणून घासली असणार.

एवढ्याने काय होतं ते पाहायचं असेल तर नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावा. पाणी वळून चमच्याला चिकटतं आणि चमचा धारेत ओढला जातो. गोल रेलवर हेच होतं, पाणी तळाखालून निघून रेलला बिलगत वर चढतं. बोर्डाच्या मधल्या भागात हे हवंच असतं, तिथे रेल लाटेला धरून राहते आणि चूकही सांभाळून घेते. टेलजवळ मात्र पाणी सुटायला हवं. तिथली कड ते तोडते, म्हणून बोर्ड मोकळा होतो. माझ्या उजव्या बाजूला वीतभर जागेत ते तुटत नव्हतं.

तिसऱ्यांदा कुणाला पैसे द्यायचे नव्हते. पुठ्ठ्यावर डाव्या रेलचा आकार कापून घेतला, तो उलटा करून उजवीकडे लावून पाहिला. मग बोर्ड पालथा ठेवून रेलच्या बाजूने टेप अशी लावली की तिची कड तळाच्या थोडी वर राहील, आणि त्या बांधात इपॉक्सी ओतलं. सुकल्यावर टेप काढून लाकडी ठोकळ्यावर सँडपेपर गुंडाळून घासलं. ठोकळा हवाच, हाताने घासलं तर पुन्हा गोल होतं. दोन संध्याकाळी गेल्या. पुढच्या सकाळी कमरेएवढ्या लाटा होत्या आणि तिसऱ्या उजव्या लाटेवर टेल सुटली, अगदी पूर्वीसारखी. पाण्यातच ओरडलो मी.

त्यामुळे आता माझा सल्ला बदलला आहे. लिटर बघा, पण वजनाला साधारण बसतो की नाही एवढ्यापुरतेच. मग बोर्ड काखेत घ्या आणि बोटांनी रेल पकडा, मधोमध, नोजकडे, टेलकडे, तिन्ही ठिकाणी. मुठीत भरेल एवढी जाड असेल तर बोर्ड संथ लाटांत तुम्हाला सांभाळेल आणि वेगात कलायला नकार देईल. अंगाने हलके असाल तर दोन लिटर कमी परवडतात, जाड रेल परवडत नाही. टेलखालची कड कुठून सुरू होते ते नखाने तपासा. जुना बोर्ड घेत असाल तर दोन्ही बाजू तपासा आणि दुरुस्तीच्या डागावर जास्त वेळ द्या.

हा बोर्ड मी विकणार नाही. पुढचा जेव्हा केव्हा घेईन तेव्हा हेच माप, हीच टेल, फक्त रेल पाव इंच पातळ आणि पाठ थोडी फुगीर मागेन. म्हणजे डाव्या लाटांवरही टाचेने कलवता येईल. लिटर कदाचित ३५ भरतील.